शिकाऱ्यांची शिडी

“लय चमकते,” बाबा म्हणाले आणि त्यांनी ॲल्युमिनियमच्या दांडीवरून बोट फिरवलं. “चांदण्यात दुरून दिसन. जनावर पाण्यावर येनारच नाही.”

दुकानदार मिस्टर टॅननी माझ्याकडे पाहिलं. “अंकल से वॉट?”

“टू शायनी,” मी म्हटलं.

“कॅन पेंट, लाह.”

पाया लेबारच्या एमआरटी स्टेशनपासून जरा आत गेलं की गोदामांच्या इमारती लागतात. त्यातल्या एका इमारतीत मिस्टर टॅनचं दुकान आहे. तंबू, दोर, घडीच्या खुर्च्या आणि मागच्या भिंतीला टेकवलेल्या मचाण-शिड्या. वर एका माणसाला बसता येईल अशी बैठक, खाली तुकड्यातुकड्यांची शिडी, झाडाला बांधायला पट्टे. मूळची ही परदेशी शिकाऱ्यांची चीज. सिंगापूरमध्ये कोण कशाची शिकार करणार? पण इथले पक्ष्यांचे फोटो काढणारे लोक त्या सीमेपलीकडच्या जोहोरला घेऊन जातात म्हणे. मला हे दुकान ऑफिसमधल्या धवलने सांगितलं होतं, आणि बाबांसमोर त्या दुकानाचं नाव काढण्याची चूक मी केली होती.

माझे बाबा, शिवदास, भंडारा जिल्ह्यात जंगलखात्यात वनमजूर होते. शिकाऱ्यांनी चोरून बांधलेली मचाणं शोधायची आणि उतरवायची, यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. उरलेल्या अर्ध्या आयुष्यात त्यांनी मचाणं बांधली, ती वैशाखी पौर्णिमेच्या गणतीसाठी. त्या रात्री पाणवठ्यावर कोणकोणतं जनावर येतं ते बघत पहाटेपर्यंत बसायचं. आमच्या घरी बुद्धजयंतीची खीर बाबांना दुसऱ्या दिवशीच मिळायची. विहारातली वंदना झाली की आई ती झाकून ठेवायची आणि आम्हा पोरांना भांड्याजवळ फिरकू द्यायची नाही.

आता गावाचं जंगल ग्रामसभेकडे आलं आहे. यंदा गावाने स्वतःची गणती करायचं ठरवलं. सोबत ठरावही केला की कुणी बांबू तोडायचा नाही, झाडाला खिळा मारायचा नाही, जे न्याल ते सकाळी परत आणायचं. या ठरावाला पहिला हात कुणी वर केला असेल? आमच्याच पिताश्रींनी. मग स्वतःचं मचाण बांधायची पंचाईत झाली तेव्हा त्यांना लेकीची आठवण झाली. तीन महिन्यांसाठी बुओना व्हिस्टाला माझ्याकडे आलेले बाबा पहिल्याच आठवड्यात म्हणाले, “हलकी शिडी पाह्यजे. एकट्याले उचलता आली पाह्यजे.”

एकट्याला? बाबांचे गुडघे आमच्या ब्लॉकच्या चार पायऱ्यांनाही कुरकुरतात. पण त्यांना नाही कसं म्हणायचं? आई गेल्यापासून या माणसाने स्वतःहून काही मागितलंच नव्हतं. शेवटी दुकानाकडे येताना गाडीत मी मनाचा हिय्या करून सांगितलं, “बाबा, शिडी घेऊ. पण तुम्ही माझ्यासमोर वरपर्यंत चढून दाखवायचं. नाही जमलं तर यंदा मचाणावर बसायचं नाही.”

“दाखवतो ना,” ते म्हणाले होते. “त्यात काय हाय?”

आणि आता ते खरेदीला आलेल्या नवरीच्या मामासारखे प्रत्येक शिडीत खोट काढत होते. एकीचे सांधे कुरकुरतात, ते आवाज सांबराला आधी कळतील. दुसरीच्या बैठकीला रबराचा वास येतो. तिसरी मजबूत होती, पण उचलताना बाबांचा चेहरा लाल झाला आणि त्यांनी ती खाली ठेवून खोकल्याचं निमित्त केलं.

चौथी मात्र त्यांनी बराच वेळ हातात धरून ठेवली. मळकट हिरवी, तीन तुकड्यांची. खांद्यावर घेतली, दुकानात एक फेरी मारली. आवाज नाही, चमक नाही. त्यांचा चेहरा असा खुलला की मला माझ्या अटीची लाज वाटली.

“हीच,” ते म्हणाले.

मिस्टर टॅननी गोदामाच्या खांबाला शिडी लावली आणि पट्टे आवळले. बाबांनी चपला काढल्या. दोन्ही दांड्या धरल्या. पहिली पायरी चढले, मग दुसरी. तिसरीसाठी उजवा पाय उचलला आणि तो अर्ध्यातच थांबला. त्यांनी पाय खाली ठेवला. पुन्हा उचलला. पुन्हा खाली. डावा करून पाहिला. त्यांच्या सदऱ्याची पाठ ओली होत गेली. मी पुढे झाले नाही, कारण मी गेले असते तर ते त्यांना कधीच विसरता आलं नसतं.

मग ते दुसऱ्याच पायरीवर उभे राहून शिडी डावीकडे उजवीकडे हलवू लागले, जणू तेवढंच तपासायला चढले होते. “हलत नाही,” म्हणाले. “बरी हाय.” आणि उतरले.

मिस्टर टॅन घडीची खुर्ची घेऊन आले. “अंकल, सिट फर्स्ट.” बाबांनी हातानेच नको म्हटलं. चपला घालताना त्यांना जरा वेळ लागला.

जिंकल्यावर इतकं वाईट वाटतं हे मला माहीत नव्हतं. मला रडू येत होतं. “राहू द्या बाबा,” मी म्हटलं. “पुढच्या वर्षी बघू.”

“काहून? शिडी तं घ्याचीच हाय.” ते माझ्याकडे न पाहता दांडी पुसत होते. “बसनारं माणूस पाह्यजे फक्त. तुले सुट्टी भेटन का?”

“मला?”

“लहानपनी मागं लागत होतीस ना. पोरीचं काम नाही म्हनून नेलं नाही तुले.” त्यांनी दांडीवर थाप मारली. “चढ. पाहू दे तुले जमते का.”

मी पर्स मिस्टर टॅनच्या हातात दिली आणि चढले. बाबांनी खालून दोन्ही दांड्या धरल्या. “तुही माय धरे अशी,” ते म्हणाले. “दुपारीच डबा घेऊन येई, मले चढवे. मी ‘बसलो’ म्हनेपर्यंत हात सोडत नव्हती. मंग घरी जाई. तूही बसली का सांग.”

आई जंगलात जायची हे मला कधीच माहीत नव्हतं. घरी तिने कधी त्याचा उच्चारही केला नाही. मी सावकाश एकेक पायरी चढत गेले, वळले आणि बैठकीवर टेकले. समोर पत्र्याचं छप्पर, खोक्यांचे ढीग, संथ फिरणारा मोठा पंखा. खाली वाकून पाहिलं तर बाबांच्या डोक्याचा वरचा भाग दिसला. केस इतके विरळ झाले आहेत हे रोज समोर बसून जेवतानाही लक्षात आलं नव्हतं. दांड्यांवर त्यांचे हात होते, शिरा वर आलेले, बोटं घट्ट.

“बसली का?” त्यांनी वर न बघता विचारलं.

मी केव्हाच बसले होते. पण तसं म्हटलं की ते हात सोडणार होते.

“अजून नाही, बाबा,” मी म्हटलं.

“बरं. सावकास,” ते म्हणाले, आणि पाय जरा फाकवून त्यांनी शिडी आणखी घट्ट धरली.