बाराव्या बैठकीतली डुलकी

ब्रेकबाईंनी आयुष्यात कुणावर आवाज चढवला नव्हता, आणि त्या ड्रायव्हिंग शिकवायच्या. यावरून काय ते समजा. शिकाऊ माणसाने गाडी थेट चपलांच्या दुकानात घातली तरी त्या म्हणत, "छान. आता रिव्हर्स शिकूया." मग घरी जाऊन झोपेत दात खात. दाढा इतक्या झिजल्या की दातांच्या डॉक्टरने हात टेकले. "बाई, हा राग आहे. तो माझ्याकडे काढून मिळत नाही."

म्हणून हे दुसरे डॉक्टर, मनाचे. वयाने त्यांच्याहून बारा वर्षांनी लहान. इथे कोचावर पडून वर्षानुवर्षं छताशी बोलायचं नव्हतं. समोरासमोर दोन खुर्च्या, मोजून सोळा बैठका आणि कोपऱ्यात कॅमेरा. नव्या पद्धतीत डॉक्टर आणि पेशंट मिळून मागची बैठक बघतात. बोलण्यातून सुटतं ते चेहऱ्यावर सापडतं म्हणे. अकरा बैठकांत ब्रेकबाईंच्या चेहऱ्यावर फक्त नम्रता सापडली.

बाराव्या बैठकीत त्यांनी तीस वर्षं कुणालाही न सांगितलेली गोष्ट सांगायला घेतली, आणि डॉक्टरांना डुलकी लागली.

तेराव्या बैठकीला त्या चांगल्या खरमरीत चार वाक्यांची तयारी करून आल्या. प्रत्यक्षात तोंडातून निघालं, "बरं नव्हतं का तुम्हाला?"

"का हो?"

"झोपला होतात."

"मी झोपलो असं वाटल्यावर मनात काय आलं?"

"वाटलं नाही, डॉक्टर. घोरत होतात."

डॉक्टरांनी पुस्तकी चेहरा थोडा वेळ टिकवला. मग "बघूया," म्हणून रेकॉर्डिंग लावलं.

स्क्रीनवर ब्रेकबाई सांगत होत्या. आई कामावर, बाबा रात्रपाळीला. बाबा दिवसा झोपायचे, म्हणून घर दिवसभर चवड्यांवर चालायचं. त्या अकरा वर्षांच्या असताना धाकटी बहीण जिन्यावरून पडली. हात मोडला. बाबा उठेपर्यंत, तीन तास, त्या तिला मांडीवर घेऊन बसल्या. हात वाकडा तो वाकडाच राहिला. घरी मात्र अजून कौतुक, "थोरली किती समजूतदार! बापाची झोप मोडू दिली नाही."

"पण तीन तास ती गप्प कशी राहिली, ते कुणीच विचारलं नाही," असं त्या म्हणाल्या, आणि डॉक्टरांची मान छातीवर आली.

त्याबरोबर स्क्रीनवरच्या ब्रेकबाईंनी आवाज हळू केला. मग उठून चवड्यांवर खिडकीपाशी गेल्या. डॉक्टरांच्या डोळ्यांवर ऊन येत होतं, म्हणून पडदा ओढला. त्यांचा फोन सायलेंट केला. परत बसल्या आणि उरलेली गोष्ट ओठांतल्या ओठांत संपवली. ती कॅमेऱ्यालाही ऐकू आली नाही.

खुर्चीतल्या ब्रेकबाई लाल झाल्या. "बघा ही बया! पांघरूण घालायचं तेवढं राहिलं!"

"स्वतःचाच राग येतोय—"

"तुमचा! घोडे विकून झोपायचं तुम्ही, आणि पडदे ओढायचे मी? तुमचा राग येतोय! बापाचा येतोय! आणि पुन्हा कुणी मला समजूतदार म्हणालं ना, तर गाडी अंगावर घालीन!"

आपण बाईंच्या वडिलांची जागा घेतली, अशा अर्थाचं एक सुंदर वाक्य डॉक्टरांकडे तयार होतं. त्यांनी ते गिळलं.

"मी झोपलो," ते म्हणाले. "चूक माझी. त्याचा अर्थ तुमच्यात शोधला, ती दुसरी चूक. तुमचं शेवटचं मी ऐकलेलंच नाही."

"आता जागे आहात?"

"आहे."

"उभे राहा."

नव्या पद्धतीत हे कुठेच नव्हतं. डॉक्टर उभे राहिले.

ब्रेकबाईंनी पहिल्यापासून सुरुवात केली. गोष्ट जिन्यापर्यंत आली तेव्हा भिंतीवरचं प्रमाणपत्र थरथरत होतं. दार उघडून पुढच्या नंबरच्या आजोबांनी डोकं आत घातलं.

"बाई, जरा हळू. बाहेर सगळं ऐकू येतंय."

"मग आत या आणि नीट ऐका!"

आजोबा आत आले आणि डॉक्टरांच्या शेजारी हात बांधून उभे राहिले.

"सहा वर्षांची होती ती!" ब्रेकबाई ओरडल्या. "सहा! हात लोंबत होता तिचा! आणि बाबा उठतील म्हणून मी तिच्या तोंडात टॉवेल कोंबला! तीन तास!"