मंगळवार-शुक्रवारची बाटली

कोल्हे गेले असते तर क्लेमंट हॉबडेच्या पदरात काहीच पडणार नव्हतं. राहिले, तर आठवड्यातून दोनदा चहा, दर वेळी दोन कप, आल्याची बिस्किटं तीन (चौथं तो नको नको म्हणत घ्यायचा), आणि मेव्हिस टिंडलच्या स्वयंपाकघरातली, मागच्या दाराजवळची, बसायला उशी बांधलेली खुर्ची. यात सगळ्यात महाग खुर्ची. चौतीस वर्षं हा माणूस घरोघर जाऊन गॅसचे मीटर वाचत हिंडला. दक्षिण लंडनमधल्या निम्म्या जिन्यांखालच्या अंधाऱ्या जागा त्याला पाठ होत्या, पण त्यातल्या एकाही घरात त्याला कुणी ‘बसा’ म्हटलं नव्हतं. वाचा, लिहून घ्या, निघा. निवृत्त झाल्यावर त्याच्या स्वतःच्या घरात चार खुर्च्या होत्या, आणि चारही खुर्च्यांत आळीपाळीने तोच बसायचा.

लंडनच्या नन्हेड भागातल्या आमच्या रस्त्यावरची घरं एकमेकांना चिकटून उभी आहेत. मागच्या बागा म्हणजे लाकडी कुंपणांनी पाडलेल्या पंधरा फुटी पट्ट्या, प्रत्येकीला मागच्या गल्लीत उघडणारं फाटक. मेव्हिसची पट्टी मधली, तिच्या पलीकडे क्लेमंट, अलीकडे मी. माझ्या वरच्या खिडकीतून दोन्ही बागा दिसतात. खिडकी पुसायला मला इतका वेळ का लागतो, असं अजून कुणी विचारलेलं नाही.

मेव्हिसने तीस वर्षं एका शाळेचं स्वयंपाकघर चालवलं. रोज चारशे मुलं जेवायची, आणि तिला आवाज चढवावा लागला नाही. लग्न केलं नाही. जे काही केलं ते त्या पंधरा फुटांत केलं. चादरीएवढी हिरवळ, तीन बाजूंनी वाफे, टोकाला लाकडी शेड. जूनच्या दुसऱ्या रविवारी आमच्या भागातल्या बारा बागा लोकांसाठी उघडतात. तिकीट काढून माणसं आत येतात, फुलांची नावं विचारतात, चहा-केक घेतात, आणि जमतील ते पैसे मरणपंथाला लागलेल्या रुग्णांच्या शुश्रूषागृहाला जातात. कुठल्या बारा बागा, ते फिलिपा ऑर्ड नावाच्या बाईंची समिती ठरवते. मेव्हिस सहा वर्षं थांबली होती. त्या वर्षी तिचं नाव यादीत आलं.

आणि त्याच वर्षी मार्चमध्ये एक कोल्हीण तिच्या शेडखाली राहायला आली.

आधी ट्यूलिपचे कंद उकरले गेले. मग बागकामाचा एक हातमोजा गेला. मग तो वास. मेव्हिसने उपाय केले. हाडांचं खत बंद केलं, संत्र्याच्या साली टाकल्या, उलट्या बादलीखाली रेडिओ लावून ठेवला. कोल्हीण शेतीच्या बातम्या ऐकत खोदत राहिली. शेवटी रोपांच्या दुकानातल्या माणसाने तिला एक उपाय सांगितला, आणि तो ऐकून मेव्हिस आठवडाभर कुंपणापाशी येऊन परत जात राहिली. आठव्या दिवशी थांबली.

“ढग आलेत,” ती म्हणाली.

“आलेत खरे,” पलीकडून क्लेमंट म्हणाला. एकोणीस वर्षांच्या शेजारात त्यांचं संभाषण सहसा इथवरच यायचं.

“मिस्टर हॉबडे, तुमच्याकडे कोल्हे येतात का?”

“येतात, बघतात, जातात. माझ्याकडे खोदायला आहे काय? सगळी फरशी.”

“मला दुकानातला माणूस म्हणाला, कुंपणाच्या कडेने शिंपडायचं. म्हणजे घरात पुरुषमाणूस असेल तर त्याचं...”

“मिरपूड?”

“मिरपूड झाली. कोल्हीण ढिम्म, मी तीन दिवस शिंकतेय.” मेव्हिसने श्वास घेतला. “मिस्टर हॉबडे, मी शेकडो मुलांच्या उलट्या पुसल्यात. मला लाज वाटायला नको. पण वाटतेय. वास लागतो. नराचा. तिला वाटायला हवं, इथे कुणीतरी दांडगा राहतो.”

क्लेमंटने उकरलेल्या ट्यूलिपांकडे पाहिलं.

“दांडगा,” तो म्हणाला. “मी एकाहत्तर वर्षांचा आहे.”

“तिला कुठे जन्मतारीख दाखवायचीय?”

“किती लागेल?”

“बाटलीभर. पाऊस पडला की पुन्हा.”

“पाऊस पडला की? मग इथे काय, रोजच—”

“मंगळवार-शुक्रवार धरू,” मेव्हिस म्हणाली आणि कान लाल करून घरात गेली.

पहिल्या मंगळवारी अकरा वाजता क्लेमंट आला. संत्र्याच्या सरबताची जुनी बाटली, वर वर्तमानपत्र गुंडाळलेलं. ती त्याने मागच्या पायरीशी ठेवली आणि दोघेही तिच्याकडे पाठ करून हवेबद्दल बोलले. पण माणसाने काही आणून दिलं आणि त्याला तसंच परत पाठवलं, असं मेव्हिसच्या हातून होणं शक्य नव्हतं. “चहा घेणार?” तिने विचारलं. क्लेमंट आत गेला, सवयीने जिन्याखाली नजर टाकली आणि उभा राहिला.

“बसा ना,” मेव्हिस म्हणाली.

हे त्याने मला नंतर स्वतः सांगितलं, आणि सांगताना ते दोन शब्द तिच्या आवाजात म्हणून दाखवले.

तो गेल्यावर मेव्हिस रबरी हातमोजे चढवायची, नाकाला फडकं बांधायची, आणि तोंड एका बाजूला फिरवून कुंपणाच्या कडेने बाटली रिकामी करत जायची. उपाय लागू पडला. तीन आठवडे एक खड्डा नाही. वाफ्यांत नवे कोंब आले, स्वीट पीचे वेल काठ्यांवर चढू लागले. मिस्टर हॉबडेचा क्लेमंट झाला, मिस टिंडलची मेव्हिस झाली. ईस्टरच्या आदल्या मंगळवारी ती त्याच्या कपात दुसऱ्यांदा चहा ओतत म्हणाली, “आणखी दोन आठवडे, बस. मग तुम्हाला हा त्रास नाही.”

चांगल्या मनाने म्हणाली. पण चौतीस वर्षं आकडे वाचलेला माणूस तो. दोन आठवडे म्हणजे चार चहा. नंतर शून्य.

त्या शुक्रवारी सकाळी मी खिडकी पुसत होते. क्लेमंट त्याच्या मागच्या पायरीवर बसला होता. शेजारी किटली, हातात गाळणी. गार झालेला, दुधाशिवायचा चहा तो सरबताच्या बाटलीत गाळत होता. उजेडात धरून रंग पाहिला, जरा गडद वाटला म्हणून पाणी घातलं, पुन्हा पाहिला. मग वर्तमानपत्र गुंडाळलं, केस चापून बसवले आणि निघाला.

मी काही बोलले नाही. मला वाटलं, दोन-चार दिवसांची गंमत. शिवाय त्याच्यासाठी सबब शोधायला मला वेळ लागला नाही. एप्रिलअखेर शेडखालून चार पिल्लं बाहेर आली, चॉकलेटी रंगाची, निळसर डोळ्यांची. आता आईला हुसकावणं वाईट, असं मी मनात म्हणाले. तोही म्हणत असणार.

कोल्हिणीला अर्थातच कळलं की दांडगा गेला. खड्डे परत आले. क्लेमंट मंगळवारी बाटली आणायचा आणि चहा पिऊन झाल्यावर स्वतः गुडघे टेकून खड्डे बुजवायचा. शेडच्या दाराची बिजागरीही त्याने दुरुस्त करून दिली. माणूस लबाड होता, पण फुकटा नव्हता.

“अलीकडे तुमचं ते पूर्वीसारखं काम देत नाही,” मेव्हिस एकदा जपून म्हणाली.

“वय झालं,” क्लेमंट बिस्किटाकडे पाहत म्हणाला.

मेच्या शेवटच्या सोमवारी फिलिपा ऑर्डबाई शेवटची पाहणी करायला आल्या. आदल्या रात्री पिल्लांनी हिरवळ अशी उकरली होती, की जणू तिथे कुणाची अंगठी हरवलीय. स्वीट पीच्या काठ्या आडव्या, त्यावर कोंबडीचा सांगाडा, आणि वाफ्याच्या मधोमध कुणा लहान मुलाचा शाळेचा बूट. ऑर्डबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“किती जिवंत बाग आहे हो,” त्या म्हणाल्या.

आमच्याकडे याहून कडक निकाल देत नाहीत. संध्याकाळी दारातून चिठ्ठी आली. या वर्षी आपल्या बागेला विश्रांती द्यावी, असं समितीला वाटतं.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. मेव्हिसने खुर्च्या बागेत आणल्या होत्या. मी दोरीवर चादर घालत होते, आणि पुढचं ऐकल्यावर त्या चादरीमागेच राहिले.

“परवा एक माणूस येतोय,” मेव्हिस म्हणाली. “पिंजरा लावणार. पुढच्या वर्षी तरी मला हे नको.”

“पिंजऱ्यातून कुठे नेऊन सोडतात?”

“सोडत नाहीत म्हणाला. जागच्या जागीच.” तिने बशी सरळ केली. “एक गोळी. त्रास होत नाही म्हणे.”

“आणि पिल्लं?”

“मोठी झालीत, म्हणाला.”

क्लेमंटने कप खाली ठेवला. त्या ठेवण्यावरूनच मला कळलं की खुर्ची गेली.

“मेव्हिस, त्याला येऊ देऊ नका. तिचा काही दोष नाही. ईस्टरपासून त्या बाटलीत चहा आहे.”

“कशात?”

“बाटलीत. मी आणतो त्या.”



“माझा चहा?” मेव्हिसने विचारलं.

“नाही. माझ्या घरचा. तुमचा मी पीत होतो.”

“म्हणजे हातमोजे घालून, तोंड बांधून, मी सात आठवडे कुंपणाला चहा पाजतेय.”

“हो.”

“सहा वर्षं थांबले होते मी, मिस्टर हॉबडे.”

क्लेमंट गेला आणि हॉबडे परत आला, हे त्याच्याही लक्षात आलं असणार.

“माहीत आहे,” तो म्हणाला.

“मग का?”

“तुम्ही म्हणालात, दोन आठवड्यांनी त्रास नाही. मला त्रास नव्हता.”

“चहाच हवा होता तर मागायचा होता!”

“असा मागता येतो?”

मेव्हिस चिडली होती, पण तोलून बोलणारी बाई ती. तिने खरोखर विचार केला. एकोणीस वर्षांत तिनेही कुणाला विनाकारण ‘या’ म्हटलं नव्हतं.

“नाही,” ती म्हणाली. “येत नाही.” मग उठली. “निघा आता.”

त्या माणसाला तिने फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं. आणि क्लेमंटच्या दारातून चिठ्ठी टाकली. मंगळवार आणि शुक्रवार. खरं. फाटकाशी ठेवून जावं. त्याने ठेवलं. दर वेळी बाटली ठेवून तो क्षणभर थांबायचा, मागचं दार बंद आहे हे बघायचा, आणि मीटर वाचून झाल्यासारखा मान हलवून निघून जायचा.

जूनच्या पहिल्या आठवड्यात कोल्हीण पिल्लं घेऊन गेली. बाटलीमुळे गेली की पिल्लं हिंडती झाली म्हणून, ते तिलाच माहीत. मेव्हिसने शेडखाली काठी घालून जे निघालं ते काढलं. तिचा हातमोजा, दोन चेंडू, कुणाचातरी पट्टा आणि क्लेमंटची उजव्या पायाची सपात, जी तो मार्चपासून शोधत होता. ती तिने कागदात बांधून त्याच्या दाराला अडकवली. सोबत चिठ्ठी नाही.

तो रविवार आला. अकरा फाटकांना फुगे, बारावं बंद. माणसं हातात नकाशा घेऊन मेव्हिसच्या फाटकापाशी घुटमळायची आणि पुढे जायची. चहाच्या टेबलासाठी तिने चार लिंबाचे केक कबूल केले होते. तीन पाठवून दिले. चौथा तिच्या स्वयंपाकघरात होता, मागचं दार उघडं होतं, आणि मी कुंपणाजवळ गवत काढत होते, जे फारसं नव्हतंच.

आदल्या दिवशी पाऊस पडला होता. अकरा वाजता क्लेमंट वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली घेऊन आला.

“मिस्टर हॉबडे,” दारातून आवाज आला. “कोल्हे गेलेत. आता हे कशाला?”

“तुम्ही थांबवा म्हटलं नव्हतं.”

“आत या.”

तो पायरीपर्यंत आला आणि उभा राहिला. आत दिसत होतं. उशी बांधलेली खुर्ची जागेवर होती. तिच्यावर एक कपही न मावेल इतकी रोपांची मांडणी होती, लहान लहान कुंड्यांची. मेव्हिस एकेक कुंडी उचलून खिडकीत ठेवत होती. मदत करा म्हणाली नाही, त्यामुळे तो उभाच.

“उभे का?”

“सवय आहे.”

शेवटची कुंडी ठेवून तिने खुर्चीवरची माती फडक्याने झटकली.

“या खुर्चीपायी माझा अख्खा जून गेला,” ती म्हणाली. “एवढी महाग वस्तू रिकामी ठेवायला मला परवडत नाही. बसा. ते बाहेर ठेवा.”

तो बसला. अजून मंगळवार-शुक्रवार येतो, हात हलवत.

तर शेवटी बेरीज अशी. कोल्हिणीने काही दिलं नाही, चार पिल्लं मोठी करून गेली. क्लेमंटने एक खरं वाक्य दिलं आणि सपातेसकट सगळं परत मिळवलं. मला ईस्टरपासून ठाऊक होतं, मी काहीच दिलं नाही, आणि त्या स्वयंपाकघरात माझ्यासाठी अजून कुणी कुंड्या हलवलेल्या नाहीत. बाकी सगळं मेव्हिसने भरलं. सहा वर्षं, एक जून, आणि वर चहा.