काचेवरचे ‘सौ.’

तेराव्याची पंगत उठते न उठते तोच मोरोपंत दाढीचे पाते घेऊन खिडकीपाशी उभे राहिले. जठारपेठेतल्या त्या खिडकीच्या काचेवर सोनेरी अक्षरे होती : ‘सौ. गोदावरी, शिवणवर्ग’. मोरोपंत म्हणजे गोदावरीचे थोरले दीर, बडनेऱ्याचे वकील. भावाच्या आजारपणात एकदाही डोकावले नाहीत, भावजयीची काच साफ करायला मात्र तत्पर.

ती अक्षरे तिच्या नवऱ्याने, हरिहरने, अमरावतीहून आणली होती. कागद पाण्यात भिजवला की अक्षर सुटते आणि ओल्या काचेवर सरकवता येते. मग मऊ फडक्याने मधून कडेकडे दाबत जायचे, म्हणजे आतली हवा निघून जाते. गोदावरीने आपले नाव असे लावले की बोट फिरवले तरी कळू नये. ‘सौ.’ मात्र नवऱ्याने हट्टाने स्वतः लावले आणि घाईघाईत आधी कडाच दाबल्या. मध्ये मसुराएवढा फुगा राहिला. ती ते काढायला निघाली तर म्हणाला, ‘‘राहू दे. हे मी लावलं, इतकं तरी कळू दे लोकांले.’’

आता मोरोपंतांचे म्हणणे असे, की ‘सौ.’ तर चालायचेच नाही, पण विधवेने नावही काचेवर कशाला मिरवावे? सगळेच खरवडावे, वर्ग बंद करावा आणि तिने बडनेऱ्याला येऊन त्यांची मुले सांभाळावी. तिच्या दोन घासांचा आपल्याला काही भार नाही, असेही ते वर म्हणाले. फुकटच्या मोलकरणीचा भार कोणाला होतो?

गोदावरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. या गृहस्थांची पहिली बायको गेली आणि वर्षाच्या आत दुसरी घरात आली होती.

‘‘जाऊबाई गेल्या तवा तुमच्या पाटीवरचं काही खरवडाले कोणी आलं होतं काय, भावजी?’’

‘‘पुरुषाची गोष्ट वेगळी. तू काहून वाद घालून राहिली?’’

‘‘माझं नाव मी लावलं, ते राहीन. अन् सौ. ज्यांनी लावलं, तेच काढतीन. पातं खिशात ठेवा.’’

मोरोपंत संध्याकाळच्या गाडीने गेले. जठारपेठेत मग चर्चेला तोंड फुटले. नवरा गेला तरी ‘सौ.’ लावून बसली, असे बोलत दोघी आयांनी आपल्या मुली वर्गातून काढल्या. गोदावरीच्या कानावर सगळे येत होते आणि तिला रडूही येत होते, पण मशीन तिने एक दिवस बंद ठेवले नाही.

पुढच्या वैशाखात काच तव्यासारखी तापू लागली. एका सकाळी केर काढताना तिला ‘सौ.’ खिडकीच्या फळीवर पडलेले दिसले. फुगा तडकला होता, तिथूनच ते सुटले होते. नावाचा कोपराही हलला नव्हता. ती केरसुणी हातात धरून तशीच खाली बसली. मग ते अक्षर तिने चिंधीत गुंडाळून मशीनच्या खणात ठेवले.

वर्गातल्या जमुनाने काचेकडे पाहिले आणि तिथे दुसरे काही लावायचे का, असे विचारले.

‘‘राहू दे,’’ गोदावरी म्हणाली आणि कालची अर्धवट राहिलेली बाही तिने सुईखाली घेतली.