भिंगऱ्यांची माती

चुना मारताना नवऱ्याने आढ्याजवळचं भिंगऱ्यांचं जुनं घरटं खरवडून टाकलं, तेव्हापासून कुंभारणीच्या जिवाला घोर लागला होता. दरवर्षी तिथेच परतणारी जोडी आता कुठे जाणार? तिने मातीची सुबक वाटी घडवली, भाजली आणि त्याच जागी चिकटवली.

जोडी आली, वाटीभोवती घिरट्या घालून बाहेर निघून गेली.

“तुझी वाटी पाहुण्यांना पसंत नाही वाटतं!” नवरा हसला.

“पाडायचं तेवढं पाडलंत, आता गप्प बसा.”

डोळे पुसत ती चाकाशी बसली. तेवढ्यात एक भिंगरी तिच्या मातीच्या घमेल्यावर उतरली आणि चोचभर चिखल घेऊन वाटीशेजारी लिंपू लागली.

“अहो, माती तर आपलीच नेतेय,” ती हळूच म्हणाली आणि तिने घमेल्यात आणखी पाणी शिंपडलं.