दोन साडूंची मोटारसायकल

आमच्या बायका सख्ख्या बहिणी, म्हणून आम्ही साडू. आणि मोटारसायकल दोघांत एक, म्हणून सोबती. यातलं दुसरं नातं पहिल्यापेक्षा घट्ट, असं मी आजवर मानत आलो. साडू सुतार आहेत, दारं-खिडक्यांच्या चौकटी करतात. माझ्याहून बारा वर्षांनी मोठे, म्हणून मी त्यांना दादा म्हणतो. माझं औषधांचं दुकान. ते मला ‘साडूबुवा’ म्हणतात, आणि रागावले की ‘गोळीवाले’.

महिन्यातून एका रविवारी शर्यतीचा ट्रॅक आमच्यासारख्या हौशी लोकांना खुला असतो. शर्यत नाही, बक्षीस नाही. वीस मिनिटं गाडी मनसोक्त पळवायची आणि पुढच्याला वाट करून द्यायची. आमची गाडी एकच, त्यामुळे आधी दादा, मग मी, मग पुन्हा दादा. ते उंच आणि भारदस्त, मी काटकुळा. ते उतरले की मी मागच्या स्प्रिंगचा स्क्रू सैल करतो, मी उतरलो की ते घट्ट करतात. सोळा वर्षांत त्या स्क्रूची खाच झिजून गुळगुळीत झाली, पण आमचं कधी वाजलं नव्हतं.

ते यंदा वाजलं. गाडी बदलायची की नाही, यावरून.

माझं म्हणणं साधं होतं. सुटे भाग मिळेनासे झालेत. ब्रेक जुन्या पद्धतीचे. घाबरून जोरात दाबले की चाक जागीच अडकणार आणि माणूस आडवा. नव्या गाडीत ही चूक गाडीच सांभाळून घेते. दादांचं म्हणणं त्याहून साधं होतं.

“नको.”

“अहो, पण का नको?”

“इंजिन बघ तिचं. घड्याळ आहे, घड्याळ.”

“इंजिनाला कोण काय म्हणतंय? ब्रेक...”

“ब्रेक चालवणाऱ्याच्या मनगटात असतो.”

“दादा, त्या मनगटाचेही सुटे भाग मिळत नाहीत आता.”

“म्हणूनच जपून वापरतो,” ते म्हणाले आणि रंधा मारायला लागले. म्हणजे बोलणं संपलं.

त्यांची बायको, माझी मोठी मेव्हणी, तिला आम्ही सगळे ताई म्हणतो. ती एकदा म्हणाली, “घ्या की नवी. माझ्या ओट्याखालचं दार सहा महिने एका बिजागरीवर लोंबतंय, त्याला यांना सवड नाही. त्या म्हातारीला तेल पाजायला मात्र रोज तास जातो.” दादा नुसते हसले. ताईपुढे ते नेहमी हसूनच हरतात.

शेवटी मीच शोरूमच्या माणसाला गाठलं. चालवून बघायला एक गाडी घेऊन ये म्हटलं. तो गेल्या रविवारी खरंच ट्रॅकवर घेऊन आला. लाल रंगाची, नव्या नवरीसारखी नटलेली. दादांनी तिच्याकडे पाठ फिरवली.

“काका, दोन फेऱ्या मारून तर बघा,” तो म्हणाला. “की भीती वाटते वेगाची?”

हे त्याने बोलायला नको होतं. दादांनी सावकाश मान वळवली. “दुपारी आण. मारतो दोन फेऱ्या. आणि नाही आवडली, तर पुन्हा हा विषय काढायचा नाही. साडूबुवा, ऐकलंस ना?”

मी मनात म्हटलं, देवा, एवढं तरी घडलं!

सकाळी गाड्या तपासून झाल्या की ट्रॅकचा अधिकारी सगळ्यांना उभं करून सूचना देतो. दादा त्या वेळी व्हॅनमध्ये चामडी सूट चढवत होते. त्यांच्या पोटात आणि सूटच्या चेनमध्ये समेट व्हायला वेळ लागतो. अधिकारी म्हणाला, “लांब सरळ पट्टा संपतो तिथल्या वळणाआधीच्या तिन्ही पाट्या आज नाहीत. परवाच्या वादळात खांब मोडलेत. अंदाजाने ब्रेक लावा, आणि लवकर लावा.”

या पाट्या म्हणजे पुरुषभर उंच फळ्या असतात. तीनशे, दोनशे, शंभर. वळण किती मीटरवर आलं ते सांगणाऱ्या. त्या वेगात माणूस वळण बघत नाही, पाटी बघतो. पाटी दिसली की ब्रेक.

मी दादांना सांगायला निघालो, तर शोरूमवाल्याने वाटेत अडवून नव्या गाडीचे कागदच पुढे केले. सुटका करून घेतो तोवर दादा ट्रॅकवर गेलेही होते. धावत भिंतीपाशी गेलो. तिथून सरळ पट्टा, त्याच्यावरचा पादचारी पूल आणि ते वळण, सगळं दिसतं.

बाकीचे चालक गोंधळले होते. कोणी शंभर मीटर आधीच ब्रेक लावत होता, कोणी उशिरा लावून वळणात भेलकांडत होता. आणि आमचे दादा? पुलाखालून निघायचे आणि डांबराच्या एका जोडापाशी, अगदी त्याच जोडापाशी, ब्रेक लावून अलगद वळायचे. सहा फेऱ्या. सहाही वेळा तोच जोड. मला अभिमान वाटला. गुरू असावा तर असा.

ते परत आले, हेल्मेट काढलं. मी म्हटलं, “कमाल केलीत. पाट्यांचं काय केलंत?”

“पाट्यांचं काय करायचं असतं? दिसतात की ठळक. नवा रंग दिलाय वाटतं.”

त्यांनी पाणी मागितलं, मी दिलं. पाणी पिऊन ते व्हॅनमध्ये पाठ टेकायला गेले. माझी फेरी असली की ते नेहमी असेच आत जाऊन पडतात.

मी गाडीपाशी बसून राहिलो. हळूहळू एकेक गोष्ट आठवायला लागली. वर्षभरात दादा दुकानात आले की बाटली माझ्या हातात देऊन म्हणतात, “वाच रे, तुझे कंपनीवाले मुंगीच्या पायाने लिहितात.” मी हसत वाचून दाखवतो. व्हॅन चालवायची त्यांनी केव्हाच सोडली, कंबर धरते म्हणून. दिवसभर लोकांना डोळ्यांचे थेंब विकणारा माणूस मी, आणि माझ्याच माणसाचे डोळे मला दिसले नव्हते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

व्हॅनचं दार सरकवून मी आत गेलो.

“दादा, रात्री दिव्याभोवती कडं दिसतं?”

“गोळीवाले, झोपू दे.”

“पाट्या नव्हत्या आज. तिन्ही नव्हत्या. वादळात गेल्या.”

ते उठून बसले. कितीतरी वेळ हातमोज्याची शिवण चाचपत राहिले.

“दीड वर्ष झालं,” ते म्हणाले. “धुकं आहे. जवळचं कळतं. पुढे चाललेला माणूस कळतो, त्याच्या रंगावरून. लांबचं काही नाही.”

“मग ब्रेक कुठे लावायचा ते कसं समजतं?”

ते लाजले. साठीला आलेला माणूस असा लाजलेला मी पाहिला नव्हता. “गातो.”

दादांचे वडील गाऊन प्रवचन करायचे. आता ते नाहीत; पण त्यांच्या समोर, पहिल्या रांगेत मांडी घालून मीही बसलोय. आधी साधं बोलायचे, मग बोलता बोलता पद उचलायचे, आणि ऐकणाऱ्याला बोलणं कुठे संपलं नि गाणं कुठे सुरू झालं ते कळायचं नाही. पदं त्यांची स्वतःची. लहानपणी दादा शेजारी बसून ताल धरायचे. तो ताल अजून त्यांच्या हातात आहे. खिळा ठोकतानाही ऐकू येतो.

“पुलाची सावली अंगावरून गेली की बाबांचं पद सुरू करायचं,” दादा म्हणाले आणि हळूच गायले, “तूच पळविशी, तूच थांबविशी, मी नावाचा स्वार. तुझ्या भरवशावरी सोडिला हाती नसता भार.”

“म्हणजे ‘थांबविशी’वर ब्रेक?”

“खुळा की काय? तेव्हा तर वेग धरतेय ती. दुसऱ्या ओळीच्या शेवटच्या अक्षरावर. अकरा सेकंद. कधी चुकलो नाही.”

मला हसूही येईना आणि रडूही येईना. गाडी बदलायला नकार का, ते आता उघड होतं. पद या गाडीच्या मापाचं होतं.

आणि दुपारी हेच पद गात ते नव्या गाडीवर बसणार होते.

“दादा, ती नवी गाडी त्याच पट्ट्यावर सेकंदाला पाच मीटर जास्त कापते. अकरा सेकंद धरा.”

सुताराला माप सांगावं लागत नाही. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. “पंचावन्न मीटर,” ते पुटपुटले. “थेट वळणाबाहेरच्या खडीत. हे मी धरलंच नव्हतं.” मग थोड्या वेळाने म्हणाले, “मग तर ठरलंच. नवी नको. ही आहे ती बरी आहे. हे तुझ्यामाझ्यात राहू दे.”

खरं सांगतो, मला मोह झाला. शोरूमवाल्याला नाही म्हणायचं, जुनी गाडी ठेवायची, महिन्यातल्या एका रविवारी दादांना त्यांच्या पदासह पळू द्यायचं. यात दया होती, प्रेम होतं. पण तेवढ्यात मला ट्रॅकवरचे बाकीचे लोक आठवले. एखादा पडून सरळ पट्ट्यावर आडवा पसरलेला असला, तर? पद त्याला बघणार नव्हतं.

“नाही राहायचं तुमच्यामाझ्यात,” मी म्हटलं. “डोळे दाखवल्याशिवाय ना नवी, ना जुनी. किल्ली माझ्याकडे राहील.”

“साडू आहेस, साडूसारखा राहा. सासू होऊ नकोस.”

“होईन. सासूही होईन.”

“बाबा म्हणायचे, त्याचं नाव घेणाऱ्याला तो पडू देत नाही.”

“बाबा सतरंजीवर बसून म्हणायचे, दादा. दोनशेच्या वेगात नाही. आणि बाबा असंही म्हणायचे, की त्याने पुढे केलेला हात झिडकारून पुन्हा त्याच्याकडेच हात पसरणं हा उद्धटपणा आहे. डोळ्यांचा डॉक्टर कोणी पाठवला जगात?”

भोंगा वाजला, माझी फेरी आली. त्यांना एकटं सोडवेना आणि तिथे बसवेनाही. “निदान आज आत पडून राहू नका,” मी म्हटलं. “भिंतीपाशी उभे राहा.”

“उभा राहून बघू काय?”

“काही बघू नका. उभे राहा.”

मी सहा फेऱ्या मारल्या. कानात बोळे, वर हेल्मेट, आणि डोक्यात नुसता कालवा; गाडी मी नाही, तिच्या सवयीनेच चालली. परत आलो तेव्हा दादा भिंतीवर तळवे टेकून, डोळे मिटून उभे होते. मी इंजिन बंद करायला गेलो, तर त्यांनी हात वर केला.

“थांब. जरा वाढव. आता एकदम सोड.”

मी मूठ पिळली आणि सोडली. पुन्हा. तिसऱ्यांदा. ते गुडघ्यावर बसले, इंजिनाच्या पोटाजवळ कान नेला.

“बंद कर,” ते म्हणाले. “मूठ सोडलीस की आतून ठोका येतो. खालचं बेअरिंग गेलंय. दुसऱ्या फेरीला शंका आली, चौथ्या फेरीला खात्री झाली. आणखी दोनेक रविवार, मग ही अडकेल. पट्ट्याच्या मध्यावर अडकली तर वर बसलेला काही उरत नाही.”

“पण मला तर काही ऐकू आलं नाही.”

“तुला कसं येईल? तुझ्या कानात बोळे.” ते टाकीवरून हात फिरवत राहिले. “आणि माझ्या कानात मी. दीड वर्ष माझंच ऐकत बसलो. ही बिचारी रोज सांगत असणार.”

घड्याळ म्हणून ज्या इंजिनाची शपथ वाहिली, ते इंजिन त्यांनी स्वतःच नापास केलं. नव्या गाडीला नाही म्हणायला आता कोणी उरलं नव्हतं. त्यांना लपवाछपवी करता आली असती. तो ठोका त्यांच्याशिवाय कोणालाच ऐकू आला नव्हता. पण गेलेल्या लाकडाला चांगलं म्हणणं त्यांच्या हातून कधी झालेलं नाही.

शोरूमचा माणूस लाल गाडी ढकलत आला. “काका, तयार?”

“नाही,” दादा म्हणाले. “मला दिसत नाही. डोळ्यांचं करून घेतो, मग ये. गाडी घ्यायची आहे, हे नक्की. हीच घ्यायची की दुसरी, ते बघून सांगेन. बघून म्हणतोय मी.”

तो माझ्याकडे बघायला लागला. मी खांदे उडवले. थट्टा करायची त्याला हिंमत झाली नाही, हे त्याच्याच भल्याचं.

जुनी गाडी आम्ही व्हॅनमध्ये चढवली, पट्टे आवळले. अर्ध्या वाटेवर दादांनी फोन काढला आणि माझ्यापुढे धरला. “ताईला लाव. सांगणार मीच आहे.”

मी लावला आणि आवाज मोठा केला. त्यांनी सगळं सांगितलं: धुकं, पाट्या, पद, पंचावन्न मीटर. एक शब्द गाळला नाही. मी पुढच्या ट्रकच्या दिव्यावर नजर ठेवून, ताई आता कोणाला आधी फाडून खाणार याचा हिशेब करत होतो.

“दीड वर्ष?” शेवटी ती म्हणाली.

“हो.”

“आणि व्हॅन आत्ता कोण चालवतंय?”

“साडूबुवा.”

“मग त्याला सांगा, घरी यायच्या आधी डोळ्यांच्या दवाखान्यावरून घे. रविवारी बंद असतो तो, माहीत आहे मला. दारावर फोन नंबर लिहिलेला असेल. तो उतरवून आणायचा, आणि वाचायचा त्याने. तुम्ही नाही.”