सगळ्यांना चालणारी तारीख

धाकटीनं भिंतीवरचं कॅलेंडर काढून आईच्या पुढ्यात टाकलं.

"आता काय ते ठरवा. हॉलवाला संध्याकाळपर्यंतच थांबणार आहे. माझ्या लग्नासाठी तीनच दिवस रिकामे आहेत त्याच्याकडे."

आई चष्मा पुसत बसली. बाबा खिडकीपाशी उभे होते. वहिनी नुकतीच इस्पितळाच्या धुलाईघरातल्या कामावरून आली होती आणि आत कपडे बदलत होती.

"पहिली तारीख नको," आई म्हणाली. "त्या दिवशी आत्या घराबाहेर पाऊल टाकत नाहीत. वाईट दिवस म्हणतात."

"तिच्यावाचून लागेल की लग्न," बाबा पुटपुटले.



दुसऱ्या तारखेवर आईचं बोट टेकलं आणि चटका बसल्यासारखं मागे आलं. तीन वर्षांपूर्वी त्याच दिवशी दादा सकाळी मोटरसायकलवरून कामाला गेला तो परत आला नव्हता.

"हळू बोला," आतल्या खोलीकडे बघत आई म्हणाली, खरं तर कुणी काहीच बोललं नव्हतं.

उरली तिसरी. बाबांना चालत होती, आत्यांची हरकत नव्हती, मुलाकडच्यांनी फोनवर लगेच हो म्हटलं. धाकटीनं हॉलवाल्याला कळवून टाकलं. कितीतरी दिवसांनी आई मोकळं हसली. वहिनी बाहेर आली, तारीख ऐकून "छान झालं" म्हणाली आणि चहा टाकायला वळली.

धाकटीचं मन मात्र थाऱ्यावर येईना. ती उठली, बसली, पुन्हा उठली. ती तारीख कुठंतरी सलत होती. मग एकदम तिला एका हॉलच्या पायऱ्या आठवल्या. नवाकोरा कोट घातलेला दादा आणि खाली बसून त्याच्या बुटांच्या नाड्या बांधणारी ती स्वतः.

ती स्वयंपाकघरात धावली.

"वहिनी, ती तर तुमच्या लग्नाची..."

"हो."

"मग बोलली का नाहीस? आत्ता फोन करते. काहीतरी थाप मारते."

"कशाला? वाईट दिवस आहे का तो?"

धाकटीनं उचललेला फोन खाली ठेवला.

"दर वर्षी त्या दिवशी मी जादा पाळी मागून घेते," वहिनी कप पुसत म्हणाली. "इथं कुणाच्या लक्षात नसतं. मग बोलणार तरी कुणाशी?" तिनं पुसलेला कप पुन्हा पुसला. "यंदा सुट्टी टाकेन. आईंना मात्र सांगू नकोस."

बाहेर आई फोनवर आत्यांना तारीख सांगत होती. आत्यांना कमी ऐकू येई. आईनं पुन्हा सांगितली, मग आणखी मोठ्यानं, एकेक शब्द तोडून.

धाकटी दार लोटायला पुढे झाली.

"असू दे उघडं," वहिनी म्हणाली. "ऐकू दे."