चेरीची खोली

सोमवारी संध्याकाळी आई हॉलमधल्या सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन चहा पीत बसली होती. शारजात जून चालू होता आणि तिच्या अंगावर शाल होती, कारण बेडरूमच्या दाराखालून गारठा येत होता. आत रात्रंदिवस चालणाऱ्या एसीत बाबांची रानचेरीची रोपं होती. बिया त्यांनी आमच्याच फ्रिजमध्ये, ओल्या वाळूत, कोथिंबिरीशेजारी महिनोन्‌महिने ठेवून रुजवल्या होत्या. निवृत्तीनंतर उत्तराखंडात मित्राच्या जमिनीवर ती लावायची होती. फळं आपल्या हयातीत, लाकूड साठ वर्षांनी.

"अहो, तिकडे थंडी आपोआप पडते," आई म्हणाली. "इथं तुम्ही रोपांना तिचा क्लास लावलाय."

"कुंदा, थंडीतच झोपतात ही झाडं. झोप झाली नाही तर फुलणार कशी?"

"आणि मी?"

"यल्ला, चल, अजून एकच हिवाळा!" बाबा हसत म्हणाले. दोन वर्षं ती त्या सोफ्यावर झोपत होती.

मंगळवारी दुबईच्या मीना बाजारात ब्लाउजपीस बघता बघता आई खाली बसली, ती उठली नाही.

मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. कुठेही, केव्हाही झालं असतं, असं डॉक्टर म्हणाले. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला बाबांनी हे ऐकवलं. मलाही ते पटलं होतं. राग त्यानं कमी झाला नाही.

मग मी वाचत बसले. रानचेरीला सात अंशांखालची थंडी लागते, आठवडेच्या आठवडे. आमचा एसी सोळावर थांबतो. म्हणजे त्या खोलीत हिवाळा कधी पडलाच नव्हता. झाडं जागीच होती, आणि आईही.

तेराव्याला मी तिचा फोटो घेऊन बेडरूमचं दार उघडलं. बाबा रोपांच्या खालच्या फांद्या छाटत होते.

"दार लाव, शुभ्रा. फोटो हॉलमध्येच बरा. इथं ओल आहे, खराब होईल." त्यांनी वरही पाहिलं नाही. "खोड बिनगाठीचं हवं तर हे आत्ताच करावं लागतं. साठ वर्षांनी कुणीतरी छान टेबल करेल याचं."

त्या कुणातरीची सोय झाली होती.

मी एसी बंद केला.

"अगं, काय करतेस!"

"ही आईची खोली होती, बाबा. तुम्ही तिला तिच्याच घरात बाहेर झोपवलंत. आणि आता फोटोही बाहेरच ठेवायला सांगताय."